गायनॅक झाल्यावर फीटल मेडिसिन की मेडिकल जेनेटिक्स? परत चंद्रपूरकडेच यायचंय

वर्धाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. एमएस ओबीजीवाय (स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र) नुकतंच झालंय. सध्या बॉण्डवर चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात आहे. पुढे काय शिकावं, हे इथल्या अनुभवी मंडळींना विचारायचंय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आमच्याकडे सिकलसेल किती आहे हे विदर्भातल्यांना सांगायला नको. ओपीडीत बाई स्वतःच सांगते, "मॅडम, माझा एएस पॅटर्न आहे." म्हणजे ती सिकलसेलची वाहक, स्वतः आजारी नाही. नवऱ्याचा? "त्यांचा नाही केला." मध्यंतरी अशीच एक आली. पहिला मुलगा एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेला, दर पावसाळ्यात हातपाय दुखून ॲडमिट होणारा. ही दुसरी खेप, आणि नाव नोंदवायला आली तेव्हा पाचवा महिना सरत आलेला. मुलाला घेऊन इतक्यांदा दवाखान्यात येऊनही पोटातल्या बाळाची तपासणी करता येते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितल्यावर तिने सरळ विचारलं, "कुठं करतात? कोण करतं? पोटातून काय काढतात?" कुठं करतात तेवढं मी ठामपणे सांगू शकले. बाकीचं मी कधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच नाही.

दुसरी बाई ॲनॉमली स्कॅनचा, म्हणजे बाळातली व्यंगं पाहणाऱ्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घेऊन आली. बाळाच्या दोन्ही किडन्या मोठ्या आणि पांढऱ्या, गर्भजल फारच कमी. नवरा सख्ख्या मामाचा मुलगा. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ, 'जेनेटिक काउन्सेलिंगचा सल्ला.' ते कुठे मिळतं हे कागदावर नव्हतं, म्हणून ती तो कागद माझ्यापुढे ठेवून बसली. तिला नागपूरला पाठवलं.

तेव्हापासून हे पोटातल्या बाळाच्या निदानाचं काम शिकायचंच, असं मनाने घेतलंय. पण नेमकं काय शिकू? डीएम मेडिकल जेनेटिक्स तीन वर्षांचं, आणि त्यासाठी राज्याबाहेर जावं लागेल असं दिसतंय. नॅशनल बोर्डाची मॅटर्नल अँड फीटल मेडिसिनची फेलोशिप, एफएनबी, दोन वर्षांची. खासगी केंद्रांच्या फेलोशिपही आहेत, काही वर्षभराच्या, काही त्याहून कमी. शिवाय ऑनलाइन प्रमाणपत्रं. माझे एक सीनियर म्हणतात, जेनेटिक्स म्हणजे लॅबचं काम, त्यात गायनॅकवाल्याने जाऊन हात का घालवायचा? घरी मुलगी लहान आहे, नवऱ्याची प्रॅक्टिस चंद्रपुरात. पुण्या-मुंबईत स्थायिक व्हायचा विचार नाही.

ज्यांनी हे शिक्षण घेतलंय किंवा दिलंय त्यांनी कृपया सांगा. शिकताना प्रत्यक्षात काय हाताला लागतं आणि काय राहून जातं?

---

मधुमालती

वर्धाकाठ, मी नाशिकला फीटल मेडिसिन करते. फेलोशिप दक्षिणेत केली, जेनेटिक्स नंतर नोकरी सांभाळून शिकले. आता माझ्याकडे फेलो शिकायला असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकेन.

आधी तुमच्या सीनियरांच्या मताबद्दल. पोटातल्या बाळाचं निदान म्हणजे सोनोग्राफी, सुई, लॅबचा रिपोर्ट आणि त्या बाईशी बोलणं अशी एकच साखळी आहे. आपल्याकडे या साखळीची प्रत्येक कडी वेगळ्या माणसाच्या हातात असते आणि मध्ये बाई कागद घेऊन फिरते. तुमच्या दुसऱ्या पेशंटचं तेच झालं. सोनॉलॉजिस्टने किडन्या बरोबर ओळखल्या. पण पुढे काय, याला उत्तर देणारं माणूस तिथे कुणीच नव्हतं. ते माणूस तयार करायचं म्हणजेच हे प्रशिक्षण. म्हणून कोर्सचं नाव दुसऱ्या नंबरवर ठेवा. ज्या केंद्रात शिकाल तिथे एक कुटुंब पहिल्या स्कॅनपासून पुढच्या गरोदरपणापर्यंत एकाच फेलोच्या हातून जातं का, हे आधी विचारा.

आता हात. सुरुवात ११ ते १३ आठवडे ६ दिवसांच्या स्कॅनपासून होते, त्यात बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, म्हणजे एनटी, मोजतात. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनचा कोर्स आणि प्रमाणपत्र सगळेच करतात. कायप्रॉस निकोलायडीस यांनी ही पद्धत इतकी काटेकोर बांधली आहे की शिकणाऱ्याला पळवाट राहत नाही. बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर. बाळ बरोबर मध्यरेषेत कापलेलं दिसलं पाहिजे. पडद्यावर फक्त डोकं आणि छातीचा वरचा भाग. मान ना वाकलेली, ना ताणलेली. मानेमागची कातडी आणि मागचा गर्भपडदा वेगवेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर पडद्यालाच कातडी समजून माप चुकतं. कॅलिपर रेषेच्या आत नाही, बाहेर नाही, बरोबर रेषेवर. एक दशांश मिलिमीटरने क्रोमोसोमच्या दोषाची रिस्क बदलते. नव्या फेलोला मी सांगते, बाळ वळेपर्यंत थांब, बाईला खोकायला सांग, जरा चालून यायला सांग, पण जमेल तसं माप घेऊन मोकळी होऊ नकोस. बाहेर बारा जणी बसलेल्या असताना थांबणं, हेच सगळ्यांत अवघड जातं.

मग सुई. गर्भजल काढायचं ते १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, वारेचा तुकडा घ्यायचा तो साधारण ११ ते १४ आठवड्यांत. आधी जेलीच्या ठोकळ्यावर सराव होतो. डाव्या हातात प्रोब, उजव्यात सुई, आणि सुईचं टोक एक क्षणही पडद्यावरून जाऊ द्यायचं नाही. ठोकळ्यावर हे लवकर जमतं. खऱ्या पोटात गर्भपडदा सुईपुढे तंबूसारखा ताणला जातो आणि पाणी येत नाही. शिकाऊ हात तिथे बिचकतो, हळूहळू ढकलतो, पडदा आणखी ताणतो. तिथे एकच नेमका, छोटा झटका लागतो, आणि तो शेजारी उभं राहून शंभरदा पाहिला तरी स्वतः केल्याशिवाय येत नाही. पहिलं २ मिली पाणी टाकून द्यायचं, त्यात आईच्या पेशी असू शकतात. मग साधारण २० मिली. ट्यूबवर नाव बाईसमोर लिहायचं आणि तिच्याकडून वाचून घ्यायचं. बाळाचे ठोके तिला दाखवायचे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन. ही शेवटची तीन कामं माझ्याकडे फेलोनेच करायची असतात, नर्सवर सोडायची नाहीत.

ब्रिटनमध्ये अशा प्रोसिजर करणाऱ्याने वर्षाला किमान ३० तरी कराव्यात असं मानतात. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून होणारी बाळाची चाचणी, आल्यापासून सुया कमी झाल्यात. पेशंटच्या दृष्टीने ते चांगलंच, पण शिकणाऱ्यांचं अवघड झालंय. जाहिरातीत 'हँड्स-ऑन' लिहिलेलं असतं आणि फेलो वर्षभर फॉर्म एफ, म्हणजे सोनोग्राफीची कायद्याने लागणारी नोंद, भरत बसते, हे मी पाहिलंय. म्हणून अर्ज करण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन जणींना गाठा आणि विचारा, शेवटच्या वर्षात तू स्वतः किती केल्यास?

आता जेनेटिक्स. इथेच बहुतेक फेलोशिप तोकड्या पडतात. नमुना कुरिअरने जातो, पीडीएफ परत येते, शेवटची ओळ वाचली जाते. पण काय पाठवायचं हे ठरवण्यातच अर्धं निदान असतं. मानेमागचं पाणी ३.५ मिमीच्या वर असेल आणि क्रोमोसोम नॉर्मल आले तर काम संपत नाही, मायक्रोॲरे (क्रोमोसोममधले बारीक बदल शोधणारी तपासणी), नूनन सिंड्रोम या जनुकीय आजाराची तपासणी, हृदयाचा नीट स्कॅन हे सगळं बाकी असतं. २०१२ साली अमेरिकेत चार हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांच्या नमुन्यांवर मायक्रोॲरे करून पाहिलं होतं. सोनोग्राफीत व्यंग दिसलेल्या आणि साधा क्रोमोसोम रिपोर्ट नॉर्मल असलेल्या बाळांपैकी सुमारे ६ टक्क्यांत त्यात कारण सापडलं. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेल्या अशा दर सोळा-सतरा घरांतलं एक घर उत्तराविना राहिलं असतं.

आणि याची दुसरी बाजू. जितकं खोल पाहाल तितके अर्थ न लागणारे बदल सापडतात. 'व्हीयूएस' लिहिलेला रिपोर्ट, समोर अठरा आठवड्यांची बाई, सासरचे चौघे बाहेर. त्या बदलाचं नाव उच्चारायचं की नाही, आई-बाबांचं रक्त तपासायचं की नाही, आईमध्येही तोच बदल असेल आणि ती ठणठणीत असेल तर त्याचा अर्थ काय, हे शिकवणारं माणूस जवळ लागतं. मी जेनेटिक्सकडे वळले ती याच रिपोर्टांमुळे. त्यावर निर्णय घेणारी बाई माझ्यापुढे होती आणि लॅब फोनवर.

तुमच्या किडनीवाल्या पेशंटकडे येते. मामे-आते भावंडांचं लग्न, दोन्ही किडन्या मोठ्या पांढऱ्या, पाणी नाही. डोक्यात पहिल्यांदा येतो तो दोघांकडून एकेक सदोष प्रत आल्याने होणारा पॉलिसिस्टिक किडनीचा आजार, पीकेएचडी१ जीनचा. पण तेच एकमेव कारण नाही, बोटं जास्त आहेत का, मेंदूच्या मागे पिशवी आहे का, हे पाहिलं की दुसरी नावं पुढे येतात. हे बाळ वाचेल न वाचेल, पण त्याचं डीएनए जपलं गेलं पाहिजे. नाळेतलं रक्त, नाहीतर कातडीचा छोटा तुकडा, सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जेनेटिक तपासणीच्या दृष्टीने तो जवळपास वाया गेला. आणि घरच्यांनी परवानगी दिली तर बाळाचं शवविच्छेदन. हा शब्द काढायलाच आपल्याकडे डॉक्टर कचरतात. मी शिकले तिथे प्रत्येक फेलोला गर्भाच्या शवविच्छेदनाला उभं राहावंच लागे. सोनोग्राफीत आपण जे म्हणालो ते खरं होतं का, हे दुसरीकडे कुठेच इतकं स्पष्ट कळत नाही. शिवाय पहिल्या बाळात नेमका बदल सापडला तरच पुढच्या वेळी बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन नेमकं उत्तर देता येतं. नाहीतर ती पुन्हा विसाव्या आठवड्यात तुमच्यासमोर बसेल, पुन्हा तसाच स्कॅन घेऊन. तिचा फोन नंबर असेल तर आजच नागपूरला फोन करून विचारा, नमुना ठेवला का.

कायद्याचंही सांगते, कारण तो शिक्षणाचाच भाग आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४चा, आपल्या राज्याने तर त्याही आधी, १९८८ साली स्वतःचा केला होता. महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४ झाल्या. हे आकडे मी फेलोला पहिल्याच दिवशी सांगते, म्हणजे फॉर्म एफ त्यांना जाच वाटत नाही. सुई घालण्याआधी फॉर्म जी, म्हणजे संमतिपत्र, बाईला समजणाऱ्या भाषेत, आणि त्याची प्रत तिच्या हातात. शिकणाऱ्याचं नावही त्या केंद्राच्या नोंदणीत असायला हवं, हे रुजू होण्याआधी बघून घ्या. एमटीपी कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे मेडिकल बोर्ड. गणित करून बघा. स्कॅन २० आठवड्यांना, गर्भजल २१ला, पेशी वाढवून रिपोर्ट यायला आणखी दोन-तीन आठवडे. बाईकडे विचार करायला उरतं काय? म्हणून आधी झटपट एफआयएसएच किंवा क्यूएफ-पीसीआर मागवायचं की थेट मायक्रोॲरे, बोर्डाकडे कागद कधी पाठवायचे, हे आठवड्यांच्या हिशेबाने ठरवता आलं पाहिजे.

---

पेशीघर

मी डॉक्टर नाही, मुंबईत एका जेनेटिक लॅबमध्ये बरीच वर्षं आहे. मधुमालती मॅडम म्हणाल्या तो कुरिअर आणि पीडीएफचा मुद्दा आमच्या टेबलावरून कसा दिसतो ते सांगतो.

फीटल मेडिसिन शिकणाऱ्या प्रत्येकाने थोडे दिवस तरी लॅबमध्ये बसावं. पोस्टिंगवर आलेल्यांना मी सगळ्यांत आधी वारेचा नमुना साफ करायला बसवतो. बशीत गुलाबी पाणी, त्यात पांढऱ्या शेवाळासारखे फांद्या फुटलेले धागे, ते बाळाच्या बाजूचे. त्यांना चिकटलेले मळकट, बिनआकाराचे तुकडे आईच्या बाजूचे. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक सोडवायचा. आईचा तुकडा राहिला तर रिपोर्ट आईचा येतो आणि तो दिसायला अगदी सुंदर, नॉर्मल असतो. सिकलसेलमध्ये आई एएस असते, म्हणजे बाळ एसएस असूनही रिपोर्टमध्ये एएस दिसू शकतं. म्हणून आईचं रक्त ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये सोबत लागतंच. त्याशिवाय मिसळ झाली आहे का ते तपासता येत नाही. तरी दर आठवड्याला एखादा नमुना आईच्या रक्ताशिवाय येतो आणि मी फोन करत बसतो, इकडे बाईचे आठवडे सरत असतात.

दुसरं, वारेत जे दिसतं ते बाळात असेलच असं नाही. शंभरातल्या एक-दोन नमुन्यांत दोष फक्त वारेत असतो. असा रिपोर्ट आला की पुढे गर्भजल तपासायचं, घाईने निर्णय घ्यायचा नाही. एनआयपीटीही आईच्या रक्तात आलेलं वारेचंच डीएनए वाचते, त्यामुळे तिथेही हाच धोका. नुसत्या एनआयपीटीच्या कागदावर गर्भपाताची तारीख ठरल्याचं ऐकलं की माझा जीव वरखाली होतो. ती स्क्रीनिंग आहे, निदान नाही.

आणि फॉर्मवर कृपया लिहा. 'जेनेटिक तपासणी करावी' एवढंच लिहून आलेल्या नमुन्याचं आम्ही काय करणार? किडनी कशी, हृदय कसं, नात्यात लग्न आहे का, आधीचं बाळ कशाने गेलं, हे कळलं तर एक्झोममधल्या (सगळ्या जीन्सच्या तपासणीतल्या) हजारो बदलांतून आम्ही योग्य जागी पाहू शकतो. लॅबमध्ये बसून गेलेल्या डॉक्टरांचे फॉर्म लगेच ओळखू येतात.

वर्धाकाठ मॅडम, मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, एनआयआयएच. सिकलसेल आणि थॅलेसेमियाचं गर्भनिदान तिथे वर्षानुवर्षं चालतं. त्यांचंच रक्तविकारांचं केंद्र तुमच्या चंद्रपुरात झालंय, २०२२च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं. तुमच्या गावातच दार आहे, आधी तिथे जाऊन भेटा.

---

भंडाऱ्याची ताई

मी पेशंटकडून लिहिते, चालेल ना? मोठा मुलगा एसएस आहे माझा. दुसऱ्या वेळेस आम्ही तपासणी केली होती, म्हणून वाचता वाचता लिहावंसं वाटलं.

आमच्या घरी समज असा होता का चारातलं एक बाळ आजारी होते म्हणजे आमचं ते एक होऊन गेलं, आता पुढचे तीन चांगलेच होणार. सासूबाई तर गावात सगळ्यांना तसंच सांगत होत्या. दोन डॉक्टरांनी मला पंचवीस टक्के, पंचवीस टक्के म्हणून सांगितलं, पण त्यानं हा गैरसमज गेला नाही. ज्या मॅडमनं तपासणी केली ना, त्यांनी टेबलावर बांगड्या काढून ठेवल्या. दोन लाल, दोन हिरव्या. एक लाल एक हिरवी माझ्या हातात, तशीच जोडी यांच्या हातात. म्हणाल्या, डोळे मिटा आणि दोघंही एकेक द्या. दोन्ही लाल आल्या तर सिकलसेल. मग बांगड्या परत आमच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, आता दुसरं बाळ, पुन्हा डोळे मिटा. तेव्हा सासूबाई आपणच बोलल्या, "म्हणजे दर खेपेला पहिल्यापासूनच होते की हे." त्याच्यानंतर त्यांनी स्वतः मला तपासणीला नेलं.

मॅडमनं दुखेल किती, सुई कुठून जाईल, नंतर दोन दिवस काय करायचं नाही, सगळं सांगितलं. बाळ एसएस निघालं तर काय काय करता येते तेही सांगितलं. ठेवायचं ठरवलं तरी मी तुमच्यासोबत आहे, नाही ठरवलं तरी आहे, असं म्हणाल्या. काय करावं ते मात्र त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि ते बरं झालं. रिपोर्ट एएस आला. मुलगी आता अंगणवाडीत जाते.

एक गोष्ट शिकणाऱ्या डॉक्टरांना सांगायची आहे. माझा मोठा मुलगा हायड्रॉक्सीयुरिया घेतो, शाळेत जातो, गणितात हुशार आहे. तपासणीच्या वेळेस एक शिकाऊ डॉक्टर त्याच्यासमोरच म्हणाले, "असं बाळ पुन्हा नको ना." तो तेव्हा लहान होता पण त्याला समजलं. घरी येऊन त्यानं विचारलं मला. जे हे शिकतात त्यांनी आधी सिकलसेलच्या मुलांच्या वॉर्डात काही दिवस राहावं, त्यांच्या आयांशी बोलावं. आजार नको म्हणणं वेगळं आणि पोरगा नको म्हणणं वेगळं.

---

वर्धाकाठ

ताई, तुमचं लिहिणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलाला माझ्याकडून शुभेच्छा सांगा.

मधुमालती मॅडम, नागपूरला फोन केला. नाळेतलं रक्त घेऊन डीएनए काढून ठेवलंय. त्या कुटुंबाला मी कळवलं, ते लोक पुढच्या महिन्यात येऊन भेटणार आहेत. पेशीघर, चंद्रपूरच्या केंद्रात जाऊन येते.

आता नेमका प्रश्न. तुम्ही सांगितलेलं सगळं एका कोर्समध्ये मिळत नाही हे कळलं. मग आधी काय? आणि शिकून आल्यावर चंद्रपुरात बसून आठवड्यातून एकदा गडचिरोलीला जाऊन स्कॅन करता येतील का?

---

मधुमालती

डीएनए ठेवलंय हे वाचून फार बरं वाटलं. ज्याने कुणी ठेवलं त्याला माझा नमस्कार कळवा.

तुमच्या जागी मी आधी एफएनबी करेन. चंद्रपूरची पहिली गरज अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा सुरक्षितपणे घेणारा हात ही आहे. तो तयार व्हायला दोन वर्षं आणि भरपूर पेशंट असलेलं केंद्र लागतं, महिना-दोन महिन्यांच्या कोर्सात तो येत नाही. त्याच दोन वर्षांत जेनेटिक्स विभागात पोस्टिंग मिळेल असं केंद्र निवडा, नसेल तर लेखी मागून घ्या. लखनौचं संजय गांधी पीजीआय, दिल्लीचं एम्स, हैदराबादचं निम्स इथे जेनेटिक्सचे जुने, भक्कम विभाग आहेत. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली उम्मीद नावाची योजना सुरू केली, तिच्यात सरकारी डॉक्टरांना जेनेटिक्सचं प्रशिक्षण देण्याची सोय आहे. तुम्ही बॉण्डवर असताना तुमच्या अधिकाऱ्यांमार्फत चौकशी करा.

डीएम कुणी करावं? ज्याला मेडिकल कॉलेजात विभाग उभा करायचाय, पुढच्या दहा-वीस जणांना शिकवायचंय, त्याने. गायनॅकमधून येऊन डीएम जेनेटिक्स केलेली माणसं आपल्याला फार हवीत, कारण सुई आणि रिपोर्ट दोन्ही त्यांच्या हातात असतात. मुलगी मोठी झाल्यावर तुम्हाला ते करावंसं वाटलं तर एफएनबी आड येणार नाही, उलट उपयोगीच पडेल. सीनियर म्हणतात तसा हात कुठेही जात नाही.

गडचिरोलीबद्दल. २०१२च्या दुरुस्तीनुसार सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरची नोंदणी एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर होते. मशीन कुठे, नोंदणी कुठे, तुमचं नाव कुठल्या प्रमाणपत्रावर, हे दोन्ही जिल्ह्यांच्या समुचित प्राधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांना, लेखी विचारून मगच पाऊल टाका. तोंडी 'चालेल हो' वर जाऊ नका. मला विचाराल तर गडचिरोलीत स्कॅन करायला जाण्यापेक्षा तिथल्या मुलींना शिकवायला जा. तिथल्या सोनॉलॉजिस्टला एनटी नीट मोजता आलं आणि एएनएमला नवरा-बायकोचं रक्त एकाच दिवशी घ्यायची सवय लागली, की बाई तुमच्याकडे बाविसाव्या आठवड्याऐवजी अकराव्यात येईल. १ जुलै २०२३ला शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. म्हणजे कोण वाहक आहे हे आता लग्नाआधीच कळत जाईल. पण एएसचा कागद हातात असलेली दोघं लग्न करून गरोदर राहिली की त्यांना पाठवायचं कुठे, हे त्या कागदावर कुणीतरी लिहायला हवं.

हे काम कोर्सला जाण्याआधीही करता येईल. तुमच्या ओपीडीत 'एएस पॅटर्न आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकीच्या नवऱ्याचं एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारी रक्ततपासणी, त्याच आठवड्यात करायचं, दोघं एएस निघाले तर नाव, फोन आणि शेवटच्या पाळीची तारीख एका वहीत. ती वही घेऊन चंद्रपूरच्या केंद्रात जा. एफएनबीच्या मुलाखतीला जाल तेव्हाही बरोबर न्या.

अर्ज भरताना केंद्रांची यादी इथे टाका. त्यातली जी माझ्या ओळखीची आहेत तिथल्या जुन्या फेलोंना मी स्वतः विचारते, सुई कुणाच्या हातात देतात ते.